दोन पोरांची माय

मराठीतली आई आपल्याला बहुतेक वेळा मुलाच्या तोंडून भेटते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या पोरांची आजारपणं काढता काढता ते स्वतःच त्यांची आई झाले, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकातली आई बोलते ती श्यामच्या आठवणीतून. तिला स्वतःला काय वाटत होतं, चुलीपुढे बसून ती मनाशी काय पुटपुटत होती, ते आपण श्यामला विचारून घेतो. त्याच काळात अमळनेरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, जुन्या जळगावातल्या एका वाड्यात, दुसरी एक आई स्वतःच बोलत होती. तिचंही बोलणं उतरवून घेतलं ते मुलानंच. पण शब्द तिचे, राग तिचा, हसू तिचं, शहाणपणही तिचंच.

ती आई असोद्याची लेक.

असोदा जळगावपासून दोन कोसांवर. काळी जमीन, कापूस, केळी, आणि थंडीत गावाच्या नावानं विकलं जाणारं वांग्याचं भरीत. या गावात उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या घरी १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, बहिणाबाईचा जन्म झाला. तीन भाऊ, तीन बहिणी, भरलेलं घर. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न झालं आणि असोदा माहेर झालं. पुढे काशी ही लेक, ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे. तिशीच्या सुमारास नवरा गेला. सोपानचा जन्म १९०७ चा, म्हणजे बाप गेला तेव्हा धाकटा जेमतेम तीन वर्षांचा.

बहिणाबाईवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिच्या ओळी भिंतींवर, भाषणांत, निरोपसमारंभांत वापरल्या जातात. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठालाही तिचं नाव आहे. पण सुविचाराची फ्रेम करून तिला भिंतीवर टांगण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिनं एक मोठं नुकसान झालं आहे असं मला मनापासून वाटतं. ती जे जगली ते फ्रेमच्या बाहेर राहिलं. तिशीतली विधवा, पदरात तीन मुलं, त्यांतल्या एका मुलाला कायमचं अपंगत्व, अंगावर शेतीची कामं आणि अक्षरओळख अजिबात नाही, असा तो संसार होता. तिचं तत्त्वज्ञान म्हणून आपण जे डोक्यावर घेतो ते या घरातल्या रोजच्या कामातून, पोरांना खाऊपिऊ घालता घालता निघालेलं आहे. म्हणून मला तिच्याकडे आधी दोन पोरांची माय म्हणून पाहायचं आहे.

तो काळ पोरं जगवण्याचा होता. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आत होतं, आणि पुढच्या दशकात, इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर, ते विसाच्या आसपास आलं. सरासरी इतकी खाली येते ती मुख्यतः लहान मुलं मरतात म्हणून. घराघरांतून तान्ही जात. बहिणाबाई विशीत येत होती तेव्हा, १८९९-१९०० साली, छप्पन्नचा दुष्काळ पडला. खानदेशानं त्यात गुरंही गमावली आणि माणसंही. त्याच्या थोडं आधी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता. तो आगगाडीच्या वाटेनं आत शिरला, आणि जळगाव तर रेल्वेवरचं कापसाचं गाव. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, त्यांतले उंदीर, उंदरांवरच्या पिसवा असा त्याचा प्रवास. घरात उंदीर मेलेला दिसला की लोक गाव सोडत आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. हाफकिनची लस १८९७ पासून होती, पण खेड्यापाड्यांत सुईची भीती रोगाइतकीच होती. पुढच्या दोन दशकांत देशभरात प्लेगनं एक कोटीच्या आसपास माणसं नेली.

खानदेशात प्लेगला पिलोक म्हणत. बहिणाबाईचं त्या नावाचं एक गाणं आहे. गाठी येणं, गाव रिकामं होणं, रानात जाऊन राहणं हे सगळं त्यात आहे. ते वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. हा रोग तिच्या घरात येऊन गेला होता. थोरला ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचा अधू होऊन. गावाबाहेरच्या झोपडीत मुलाच्या काखेत किंवा जांघेत गाठ दिसल्यावर आईचं काय होतं हे मी लिहू धजणार नाही. एवढंच म्हणते की ज्या साथीत दुखणं लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं जात, त्या साथीतून हे मूल हाती लागलं, आणि इथून पुढे त्याला वाढवायचं म्हणजे दुसऱ्या मुलासारखं वाढवायचं नव्हतं.

दोन मुलगे असलेल्या कुठल्याही आईला यातली अडचण सांगावी लागत नाही. दोन भाऊ एका घरात वाढतात तेव्हा त्यांची तुलना आई करत नसली तरी घर करतं, शेजार करतो, भाऊबंद करतात. एक पळतो आणि दुसरा पाहत बसतो. थोरल्याकडून कामाची अपेक्षा असते, कारण तो थोरला. शेतकऱ्याच्या घरात बाप गेल्यावर नांगराच्या मुठीला कोणाचा हात लागायचा हे ठरलेलं असतं, आणि इथे नेमका तोच हात दुखावलेल्या पोराचा. बहिणाबाईच्या गाण्यांत या दुःखाचा थेट उच्चार शोधला तर फारसा हाती लागत नाही. वैधव्याबद्दल ती बोलते. कपाळावरचं कुंकू गेलं, त्याखाली लपलेली नशिबाची रेघ उघडी पडली, आता ज्योतिषानं दारी येऊ नये, असं ती ठणकावून सांगते, कारण तिला आपल्या हातांचा भरवसा आहे. पोरांच्या बाबतीत मात्र ती गप्प. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या अधू लेकराच्या दुःखाचं गाणं करून चारचौघींत म्हणणं तिला रुचलं नसावं.

गाणं व्हायचं ते कामाचं. पहाटे घरोटावर बसली की पिठाबरोबर शब्द पडत. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, आणि बहिणाबाईचं त्याच्यावरही गाणं आहे. चूल पेटत नाही, घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात, म्हणून ती चुलीशी भांडते, तेही गाणंच. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी, मोट, गाडीजोड, पोळा, आखाजी, सगळी कामं आणि सगळे सण. या कामांत तिचे हात गुंतलेले, पण तोंड मोकळं आणि कान पोरांकडे. घरात लहान मूल असलं की बाईला एका जागी बसून एकाग्र होता येत नाही. लिहिणाऱ्या बायकांनी याबद्दल जगभर तक्रार केली आहे, आणि ती खरी आहे. बहिणाबाईला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिची कविता कागदाच्या शोधात बाजूला गेली नाही. ती पोरांच्या कानांवरून गेली.

जात्यावरच्या ओव्यांची परंपरा सगळ्या महाराष्ट्राची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाळाचं, लेकाचं, भावाचं कौतुक भरभरून आहे. बहिणाबाई त्याच परंपरेतली, पण ती कौतुकाशी थांबली नाही. समोरच्या वस्तूकडे इतक्या जवळून पाहायचं की ती वस्तूच बोलू लागावी, हे तिनं केलं. असं पाहणं लहान मुलांबरोबर राहिल्यानं येतं असं मला वाटतं. मूल विचारतं, हे का? ते कशाला? पान का हलतं? आणि आईला, हातातलं काम न सोडता, काहीतरी खरं उत्तर द्यावं लागतं.

सुगरणीच्या खोप्याचं गाणं घ्या. शाळेच्या पुस्तकामुळे ते महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहे. झाडाला टांगलेलं घर, पिलांसाठी जीव टांगणीला लावलेली पाखरीण, इवल्याशा चोचीची कारागिरी. पक्षी पाहणारे सांगतात की सुगरण पक्ष्यात खोपा विणतो तो नर. मादी येते, हलवून पाहते, पसंत पडला तर आत राहते. मग अंडी उबवण्याचं आणि पिलांना भरवण्याचं बहुतेक काम तिचं. बहिणाबाईच्या घरात विणणाराही गेला होता. विणणं आणि भरवणं दोन्ही एकटीकडे आल्यावर तिला त्या झाडावर पाखरीणच दिसली असेल तर तिच्या नजरेनं ते बरोबरच पाहिलं.

आणि मग घरात पुस्तक आलं. सोपान शाळेत जाऊ लागला. त्याच्या पाठ्यपुस्तकात सावित्री आणि सत्यवानाची गोष्ट होती. ती त्यानं आईला वाचून दाखवली आणि सकाळ होईपर्यंत आईनं त्यावर गाणं रचलेलं होतं, अशी आठवण आहे. या आठवणीतली सावित्री पाहा. यमाच्या मागे जाऊन नवऱ्याला परत आणणारी बाई ती. ऐकणारी जिचा नवरा परत आलेला नाही अशी. वाचणारा, ज्याला बाप आठवतही नसावा असा मुलगा. रात्रभर तिच्या डोक्यात काय चाललं असेल! शाळा पोराला शिकवत होती आणि पोरगा नकळत आईला शिकवत होता. पण शिकलेलं घेऊन ती जिथे गेली तिथे शाळा कधीच पोचली नसती. सोपानच्या हे लक्षात आलं. त्यानं गाणी लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच्या जोडीला त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी. दोन पोरं एका न लिहिणाऱ्या बाईच्या मागे वही घेऊन.

जळगावात छापखाना आला तेव्हाही तिनं त्यावर गाणं केलं. कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र तसाच राहतो, अशा अर्थाचं. ज्या आईचा एक मुलगा वह्यापुस्तकांच्या जगात निघाला आहे तिनं केलेलं हे गाणं आहे. तिला छापील अक्षराचा मत्सर नव्हता, भीतीही नव्हती. पण मुलाच्या शिक्षणाकडून काय मागायचं ते तिला ठाऊक होतं.

असोद्यात आज दोन मुलगे वाढवणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका घरातली कार्तिकातली सकाळ सांगते. बाप जळगावच्या डाळमिलमध्ये, रात्रपाळी करून अजून परतलेला नाही. कापसाची वेचणी सुरू आहे, म्हणून आईला आठच्या आत शेतावर पोचायचं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, उशीर झाला की ऊन चढतं आणि हात मंदावतो. थोरला आठ वर्षांचा, धाकटा पाचाचा. आदल्या दिवशीच्या कळण्याच्या भाकरीचा कुस्करा एकाला हवा, दुसऱ्याला नको. दुसऱ्याला पाहिजे दुकानातला बिस्किटाचा पुडा. आई भाकरी थापता थापता ओरडते, “काय रे, दप्तर कुठी ठेवलं? शायेची येळ झाली ना बापा!” आजी ओट्यावर बसून धाकट्याच्या शर्टाची बटणं लावते. तो शर्ट गेल्या वर्षी थोरल्याचा होता आणि त्याबद्दल धाकट्याची कायमची तक्रार आहे. मोबाइल एकच, तो बापाबरोबर गेलेला. म्हणून सकाळ तशी शांततेत जाते. संध्याकाळी बाप झोपेतून उठेपर्यंत त्याच मोबाइलवरून दोघांची मारामारी.

ही आई बारावी झालेली आहे. थोरल्याचा अभ्यास तीच घेते, तोही स्वयंपाक करताना, कारण दुसरा वेळ नाही. पाढे भाकरीच्या थापेवर म्हणायचे. चुकला की ती न बघता सांगते, “पुन्हा म्हन.” मी विचारलं, दोघांत जास्त त्रास कोणाचा? ती म्हणाली, “तरास धाकट्याचा, पन काळजी मोठ्याची. तो काही बोलतच नाही.” काळजी आणि त्रास यांची इतकी स्वच्छ वाटणी मी बालसंगोपनाच्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

शंभर वर्षांत काय बदललं ते या घरात उघड दिसतं. दोन्ही मुलांना जन्मानंतर लशी टोचल्या आहेत आणि त्यांचं कार्ड कपाटात गाठोड्यात बांधून ठेवलं आहे. दोन्ही बाळंतपणं दवाखान्यात झाली. दळण गिरणीत जातं, चूल फक्त भरतासाठी आणि पाणी तापवायला पेटते. थोरल्याला शाळेत दुपारी खिचडी मिळते. मूल जगेल का हा प्रश्न या आईच्या मनात पहिला येत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो पुढे काय. कापसाच्या भावावर पोरांचं शिक्षण होत नाही, हे तिला पाठ झालं आहे. गावातून सकाळी इंग्रजी शाळेच्या गाड्या जातात तेव्हा ती त्यांच्याकडे बघते. फी परवडत नाही. आणि परवडली तरी घरात इंग्रजी कोण घेणार?

न बदललेलं म्हणजे एकाच बाईच्या अंगावर एकाच वेळी पडणारी कामं. घर, शेत, सासू, दोन पोरं. बाप मायाळू आहे. रात्रपाळीहून येताना पोरांसाठी शेव आणतो, सुट्टीच्या दिवशी दोघांना विहिरीवर पोहायला नेतो. पण दप्तर, डबा, ताप, जुलाब, शाळेतली बैठक यांत त्याचं नाव नसतं, आणि नसतं याची कोणाला खंतही नाही. मला आहे. दोन मुलगे वाढतात ते घरात पाहून वाढतात. बाप ताट उचलताना दिसला नाही तर तेही उचलणार नाहीत, मग पुस्तकात कितीही धडे असोत. या घरातली आजी मात्र हट्टाची आहे. नातवांना तिनं जेवल्यावर ताट मोरीत नेऊन ठेवायची सवय लावली आहे. “पोऱ्या असला म्हनून काय झालं,” एवढंच तिचं म्हणणं.

थोरल्याला खोप्याची कविता येते. त्यानं ती मला न अडखळता म्हणून दाखवली, पण शाळेतल्या सुरात, प्रत्येक ओळीवर सारखा जोर देत. आजीनं त्याला थांबवलं आणि तीच कविता आपल्या बोलण्याच्या लयीत म्हटली. पोरगा ऐकत राहिला. पुस्तकातलं आणि आजीच्या तोंडचं एकच आहे हे त्याला तेव्हा नव्यानं कळल्यासारखं दिसलं. बहिणाबाईची लेवा गणबोली या घरात रोज बोलली जाते. शाळेत ती बोलली तर गुरुजी दुरुस्त करतात, आणि त्याच शाळेच्या पुस्तकात ती मानानं छापलेली असते. असोद्याच्या पोरांना हे दोन्ही सांभाळायचं आहे. बहिणाबाईच्या गाण्यांची गावाला जी खरी मिळकत आहे ती मला इथे दिसते. आईच्या बोलीत मोठी कविता होऊ शकते, हा पुरावा त्यांच्या दप्तरात आहे.

सोपानदेव पुढे नावाजलेले कवी झाले. ‘काव्यकेतकी’, ‘अनुपमा’ हे त्यांचे संग्रह. ३ डिसेंबर १९५१ रोजी आई गेली. त्यानंतर त्यांनी गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी हे बावनकशी सोनं ओळखलं आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. कवी असलेल्या मुलानं आईच्या गाण्यांवर आपला हात फिरवला नाही, ती तिच्या बोलीत राहू दिली. साक्षर, शहरात वावरलेल्या मुलाला आईच्या भाषेची लाज वाटण्याचे दिवस होते ते. त्यानं ती लाज बाळगली नाही. आईनं पोराला नीट वाढवलं होतं याची माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी खूण.

पण घरात पोरं दोन होती. धाकट्याची वही पुस्तक झाली, थोरल्याचं जगणं कोणत्याच वहीत आलं नाही. ओंकारबद्दल छापील मजकुरात येतं ते एका वाक्यापुरतं: प्लेगमुळे अपंगत्व आलं. काशीबद्दल तेवढंही नाही. तेच घरोट, तीच चूल, तेच शेत आणि तीच आई दोघांनीही पाहिली. ज्याला फार हिंडता-फिरता येत नाही तो घरातलं बोलणं जास्त ऐकतो. आईची कितीतरी गाणी पहिल्यांदा त्यानंच ऐकली असतील. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, आणि ते चांगलं काम आहे. तशाच आस्थेनं ओंकारच्या आणि काशीच्या आठवणी जमवायला हव्यात. जळगावात आणि असोद्यात नव्वदीला टेकलेली माणसं अजून आहेत. भाऊबंदांत, शेजारात, महाजनांच्या घरात आजी-पणजीकडून ऐकलेलं कोणाला काही आठवत असेल, तर विद्यापीठातल्या मराठीच्या पोरापोरींनी वही घेऊन त्यांच्याकडे या हिवाळ्यातच जावं.